डायनासोरचा दात : ओळख, संग्रह आणि सोबतची चिठ्ठी

नागपूरला लागून असलेल्या टाकळी परिसराचे नाव डायनासोरच्या अभ्यासात एका दातामुळे नोंदले गेले आहे. रिचर्ड लिडेकर या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञाने १८९० मध्ये या दातावरून एक नवी जात जाहीर केली आणि तिला ‘मॅसोस्पाँडिलस रॉवेसाय’ असे नाव दिले. मॅसोस्पाँडिलस हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतील प्राणी. लांब मानेचा, मुख्यतः झाडपाल्यावर जगणारा आणि सुमारे अठरा ते वीस कोटी वर्षांपूर्वीचा. टाकळीचे खडक मात्र दख्खनच्या लाव्हाच्या काळातील, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दोहोंमध्ये बारा कोटी वर्षांच्या आसपास अंतर आहे. पुढील अभ्यासकांनी त्या दाताची पुन्हा तपासणी केली तेव्हा तो झाडपाला खाणाऱ्याचा नव्हे, तर मांसाहारी आणि दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड गटातील डायनासोरचा असल्याचा निष्कर्ष निघाला.

लिडेकर हा काही हौशी संग्राहक नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्याने काम केले होते आणि जबलपूरच्या हाडांवरून १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे भारतीय डायनासोरचे नाव त्यानेच रूढ केले होते. अशा जाणकारालाही एकटा दात चकवू शकतो. आज डायनासोरचे दात जगभर विकले जातात, घरोघरी काचेच्या पेट्यांत मांडले जातात आणि प्रत्येकासोबत ठाम शब्दांत छापलेले एक नाव असते. ते नाव कितपत विश्वसनीय मानावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दातच इतके का सापडतात?

माणसाला आयुष्यात दोनदाच दात येतात. दुधाचे आणि नंतर कायमचे. डायनासोरचे तसे नव्हते. मगरीप्रमाणे त्यांचे दात आयुष्यभर पडत आणि त्यांच्या जागी नवे उगवत. दाताच्या आतील भागात रोज एक याप्रमाणे वाढीच्या सूक्ष्म रेषा उमटतात. दाताचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली या रेषा मोजल्या, तर एक दात किती दिवस टिकत होता याचा हिशेब मांडता येतो. या पद्धतीने टिरॅनोसॉरस रेक्ससाठी सुमारे ७७७ दिवस हा आकडा १९९६ मध्ये मांडला गेला. लांब मानेच्या डिप्लोडोकसचा दात जेमतेम ३५ दिवस टिके, तर कॅमेरासॉरसचा ६२ दिवस. आफ्रिकेतील नायजरसॉरसचा वेग तर थक्क करणारा होता. एका जागेवरचा दात साधारण दोन आठवड्यांत बदलत असे. मादागास्करमधील मांसाहारी मॅजुंगासॉरसच्या दाताचे आयुष्य ५६ दिवसांचे होते, असे २०१९ मधील अभ्यासात आढळले. गुजरातेत सापडलेला राजासॉरस हा याच मॅजुंगासॉरसचा भाऊबंद असल्याने हा आकडा भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटावा.

एका प्राण्यामागे आयुष्यभरात शेकडो, काही जातींत हजारो दात जमिनीवर पडत. त्यातच दातावरील एनॅमलचे आवरण हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. हाडे कुजतात, फुटतात, नदीच्या प्रवाहात झिजतात, दात टिकतो. संपूर्ण सांगाडा सापडणे ही भाग्याची गोष्ट, तर दात सापडणे ही सवयीची.

गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्याचे उदाहरण येथे बोलके आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकसमूहाला नाव मिळाले, त्यातून बारापासॉरस या महाकाय डायनासोरची सुमारे तीनशे हाडे मिळाली. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले आणि कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा सांगाडा उभा करण्यात आला. एवढ्या हाडांमध्ये कवटी मात्र नव्हती. या प्राण्याच्या तोंडाविषयी जे काही सांगता येते ते प्रामुख्याने सुट्या सापडलेल्या, चमच्याच्या आकाराच्या काही दातांवरून.

भिंगाखाली काय पाहावे?

ओळखीसाठी फार मोठी सामग्री लागत नाही. सोनाराकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची मोजपट्टी, शक्य असल्यास व्हर्निअर कॅलिपर आणि तिरपा उजेड देणारा दिवा एवढ्यावर काम भागते. डोळे मात्र सवयीचे हवेत.

पहिला प्रश्न, दात डायनासोरचाच आहे का? मगरीचे दात याच खडकांत, बरेचदा अधिक संख्येने, सापडतात. ते सहसा शंकूसारखे असतात, त्यांचा आडवा छेद गोल भरतो, बाजूंना उभ्या कडा असतात. पण त्या कडांवर करवतीसारखे स्पष्ट दाते बहुधा नसतात. मासे आणि समुद्री सरपटणारे प्राणी हीही गफलतीची नेहमीची कारणे होत.

मांसाहारी डायनासोरचा नमुनेदार दात दोन्ही बाजूंनी चपटा, मागे वळलेला आणि पुढच्या-मागच्या कडांवर दंतुर असतो. स्वयंपाकघरातील पाव कापण्याची सुरी डोळ्यांसमोर आणली की कल्पना येते. या कडांवरील बारीक दाते हा ओळखीतील सर्वांत उपयोगी पुरावा. कडेच्या मध्यभागी पाच मिलिमीटर अंतरात किती दाते बसतात हे मोजायचे, पुढची आणि मागची कड वेगवेगळी. त्याखेरीज दाताची उंची, तळाशी लांबी आणि तळाशी जाडी ही तीन मापे घ्यायची. अभ्यासक या मापांची तुलना जबड्यातच सापडलेल्या, म्हणजे मालक निश्चित ठाऊक असलेल्या दातांशी करतात.

या तुलनेतून काही गट चटकन वेगळे पडतात. टिरॅनोसॉरसचे मोठे दात सुरीसारखे नसून जाड असतात, छेद लंबवर्तुळाकार. पाच मिलिमीटरमध्ये साधारण आठ-दहा दाते. हाडासकट लचका तोडण्यासाठी बनलेले हे हत्यार होते. त्याच प्राण्याचे पटाशीचे दात मात्र पूर्ण निराळे. त्यांचा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा, मागची बाजू सपाट. आफ्रिकेतील कार्कारोडोंटोसॉरसच्या पातळ, रुंद पात्यावर कडेलगत एनॅमलच्या सुरकुत्या दिसतात. स्पायनोसॉरसचा दात शंकूसारखा, जवळपास सरळ, उभ्या पन्हळी असलेला आणि कडांवर दात्यांचा मागमूस नसलेला असतो. मासे पकडून धरण्यासाठी तो सोयीचा. आणि मगरीच्या दाताशी त्याची गल्लत होते तीही याचमुळे. ट्रूडोंटिड या लहान चणीच्या डायनासोरच्या दातावरील दाते दाताच्या मानाने अवाढव्य आणि टोकाकडे आकड्यासारखे वळलेले असतात. भारतात क्रेटेशियस काळाच्या अखेरीस वावरणाऱ्या अबेलिसॉरिड गटाचे दात बुटके, पुढची कड कमानदार आणि मागची जवळजवळ सरळ, असे असतात.

झाडपाला खाणाऱ्यांचे जग वेगळे. लांब मानेच्या सॉरोपॉड डायनासोरांमध्ये जुन्या गटांचे दात चमच्यासारखे, तर चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या इसिसॉरसचा जो टायटॅनोसॉर गट, त्याचे दात पेन्सिलीसारखे बारीक. हे प्राणी चावत नसत, ओरबाडून गिळत. हॅड्रोसॉरच्या जबड्यात शेकडो दात एकमेकांना चिकटून जात्याच्या पाळीसारखा एक अखंड दळणारा पृष्ठभाग तयार होई. सुटा दात पतंगाच्या आकाराचा, मधोमध एक उभा कणा असलेला. ट्रायसेराटॉप्सच्या दाताच्या मुळाला दोन फाटे असतात. चिलखती अँकिलोसॉरचा दात झाडाच्या पानासारखा.

आणखी एक खूण संग्राहकांच्या नजरेतून बरेचदा निसटते. दाताचा तळ पोकळ आणि आतून विरघळल्यासारखा दिसला, तर तो जिवंत प्राण्याच्या तोंडातून नैसर्गिकरीत्या पडलेला दात. लांब मूळ शाबूत असेल तर दात जबड्यात असतानाच प्राणी मेला. दुसऱ्या प्रकारचा दात सापडला तर उरलेला प्राणी जवळपास असण्याची शक्यता असते. पहिल्या प्रकारचा दात निराळीच गोष्ट सांगतो. अमेरिकेतील माँटाना राज्यात टेनॉण्टोसॉरस या शाकाहारी डायनासोरच्या हाडांभोवती डायनोनायकसचे गळालेले दात वारंवार आढळले. कोणाच्या पंगतीत कोण जेवले, हे त्या मांडणीतून उमगले. तोच दात उचलून खिशात घातला असता, तर फक्त एक सुबक वस्तू हाती उरली असती.

नावाची घाई

वरील वर्णनावरून ओळख सोपी वाटेल. ती गटापुरती सोपी आहे. जातीपर्यंत पोहोचताना पाय घसरतो. एकाच जबड्यात पुढचे, मधले आणि मागचे दात वेगळे असतात. पिलाचे दात प्रौढाहून वेगळे. उलट, दूरच्या नात्यातील दोन प्राण्यांचे दात आहार सारखा असल्याने जुळ्या भावांसारखे दिसू शकतात.

अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ लायडी याने १८५६ मध्ये माँटानाच्या परिसरातून आलेल्या सुट्या दातांवरून ट्रूडॉन, ट्रॅकोडॉन, डायनोडॉन अशी नावे दिली. यांतील ट्रूडॉनला त्याने सरडा मानले होते. विसाव्या शतकात तो मांसाहारी डायनासोर ठरला, मग काही काळ जाड कवटीच्या शाकाहारी गटात गेला, पुन्हा मांसाहारी गटात परतला. २०१७ मध्ये हे नाव वापरण्याजोगे आहे की नाही, यावरच अभ्यासकांनी प्रश्नचिन्ह उभे केले. एका दाताची ही दीडशे वर्षांची फरपट!

आपल्याकडे कोलकात्याचे भूशास्त्रज्ञ दासगुप्ता यांनी १९३० मध्ये जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवरील एकाच दातावरून ‘ऑर्थोगोनिओसॉरस मॅटलेई’ हे नाव दिले. तेही आज संदिग्ध नावांच्या यादीत आहे. सर्वांत शहाणे करणारा धडा मात्र अमेरिकेतील रेव्ह्युल्टोसॉरसचा. १९८९ मध्ये दातांवरून त्याला प्राचीन शाकाहारी डायनासोर मानण्यात आले. २००५ मध्ये अॅरिझोनातील सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो डायनासोर नसून मगरींच्या शाखेतला प्राणी असल्याचे उघड झाले. त्यासरशी ट्रायासिक काळातील अशाच सुट्या दातांवर उभी असलेली इतर नावेही डळमळीत झाली.

बाजारातील दात

संग्राहकांच्या बाजारात नावाला पैसा आहे, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे. ‘टिरॅनोसॉरिड, जात अनिश्चित’ या चिठ्ठीपेक्षा ‘टिरॅनोसॉरस रेक्स’ ही चिठ्ठी कैक पटींनी महाग विकली जाते. विक्रेत्याला शंका बोलून दाखवण्याचे काही कारण उरत नाही. अमेरिकेतील हेल क्रीक खडकांतून येणाऱ्या लहान, चपट्या दातांवर ‘नॅनोटिरॅनस’ असे लिहिण्याची प्रथा वर्षानुवर्षे होती, तर अनेक अभ्यासक तो अल्पवयीन टिरॅनोसॉरसच मानत. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने नॅनोटिरॅनस हा स्वतंत्र प्राणी असल्याच्या बाजूने जोरदार पुरावा दिला. पण तो पुरावा आला एका उत्तम सांगाड्यातून आणि हाडांतील वाढीच्या वलयांतून. सुटे दात विकणाऱ्यांचा अंदाज खरा ठरला असेलही; तो त्या दातांनी सिद्ध केलेला नव्हता.

स्वस्त दातांचा मोठा पुरवठा मोरोक्कोच्या आग्नेयेकडील केम केम भागातून होतो. एर्फूद आणि रिसानी ही तेथील व्यापाराची गावे. स्थानिक मजूर डोंगरात अरुंद बोगदे खोदून दात काढतात; हे काम धोक्याचे आहे आणि अंतिम किमतीतील त्यांचा वाटा तुटपुंजा. याच भागातील एका ठिकाणच्या बाराशेहून अधिक दातांची मोजणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ४५ टक्के दात स्पायनोसॉरसचे निघाले आणि हा प्राणी नदीतच बराच काळ घालवत असावा या मताला बळ मिळाले. हा निष्कर्ष निघाला तो जागा आणि संख्या ठाऊक होती म्हणून. निवडून, पुसून, जगभर विखुरलेल्या दातांतून असे प्रमाण काढता येत नाही.

बनावटगिरीचे प्रकार ठरलेले आहेत. एकाचा माथा आणि दुसऱ्याचे मूळ जोडणे, तुटलेले टोक राळेने घडवणे, वाळू आणि गोंद कालवून खोटा खडक बनवणे, त्यात सुटे दात ओळीने रोवून ‘जबडा’ म्हणून विकणे. हवेचे बारीक बुडबुडे, साच्याची शिवण, दंतुर कड एखाद्या ठिकाणी अचानक गुळगुळीत होणे या संशयाच्या जागा. अतिनील दिव्याखाली अनेक प्रकारचे गोंद वेगळ्याच रंगाने चमकतात. दुरुस्ती हा गुन्हा नव्हे. संग्रहालयांतील दातही जोडलेले असतात. लपवलेली दुरुस्ती हा दोष.

कायदाही देशागणिक बदलतो. मंगोलियातील जीवाश्म ही तेथील राज्याची मालमत्ता असून ते बाहेर नेणे बेकायदा आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातही मालकी प्रांताची. अमेरिकेत खासगी जमिनीवरील जीवाश्म जमीनमालकाचे, मात्र संघराज्याच्या जमिनीवरील पृष्ठवंशीय जीवाश्मांना २००९ च्या कायद्याने संरक्षण आहे. भारतात केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला. तोवर अशा वस्तूंसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. कायदा काहीही असो, जबलपूर, बालासिनोर किंवा चंद्रपूरकडच्या शेतात दातासारखे काही दिसले तर ते उपटू नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची अक्षांश-रेखांशासह नोंद करावी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग यांना कळवावे.

अभ्यासक स्वतः दात गोळा करतात ते बरेचदा डोळ्यांनी नव्हे, चाळणीने. मातीची पोती भरून आणायची, पाण्यात भिजवायची, बारीक जाळीतून धुवायची आणि उरलेला गाळ वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने निवडायचा. तांदूळ निवडण्याइतकेच हे कंटाळवाणे काम. याच चिकाटीतून तेलंगणातील नसकल येथे, लाव्हाच्या थरांमधील गाळात, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे दात मिळाले आणि १९८८ मध्ये भारतातील क्रेटेशियस काळातल्या पहिल्या सस्तन प्राण्याची नोंद झाली. त्याचे नाव डेक्कनोलेस्टीस हिस्लोपाय. टाकळीत १८५१ मध्ये जीवाश्म शोधणारे आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे, तेच हे स्टीफन हिस्लॉप.

घरातील मांडणी

कायदेशीररीत्या मिळालेला दात घरी असेल, तर त्याचे तीन शत्रू लक्षात ठेवावेत : दमट हवा, उष्णता आणि बोटे. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात बंद पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी बदलावी. खिडकीतील ऊन आणि पेटीत डोक्यावर बसवलेला तापणारा दिवा, दोन्ही टाळावेत. एनॅमल आणि आतील भाग वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतात व तडे जातात. कापसाची गादी दिसायला छान, पण धागे दंतुर कडेत अडकतात आणि ओढताना दाते निखळतात. त्याऐवजी पॉलिथिलीनच्या फोममध्ये दाताच्या आकाराचा खळगा कापावा. दोन्ही कडा दिसतील असा तो आडवा ठेवावा. कडा दिसत नसतील तर पाहणाऱ्याला ओळखीचा पुरावाच दिसत नाही. वार्निश लावून चमकवण्याचा मोह हौशी घरांत फार दिसतो. त्याने एनॅमलचा पोत कायमचा झाकला जातो. भेगाळलेला दात सांभाळायचा असेल तर संग्रहालये पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ अॅसिटोनमध्ये पातळ करून वापरतात, कारण ती पुढे कधीही विरघळवून काढता येते. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाचे तसे नसते.

याच राळेचा छोटा ठिपका दाताच्या तळाशी लावून, तो वाळल्यावर त्यावर बारीक शाईने क्रमांक लिहावा. तोच क्रमांक वहीत आणि आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर असावा. चिठ्ठीत जागा, खडकाचा थर, सापडल्याचा किंवा विकत घेतल्याचा दिनांक, मापे, केलेली दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी नाव, तेही जेवढे खात्रीचे असेल तेवढेच. जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तरी ती फेकू नये, नवी तिच्यासोबत ठेवावी.

जगातील सर्वांत प्रसिद्ध डायनासोर-दातांपैकी एक न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात, ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडमधील ससेक्सचे डॉक्टर गिडिअन मँटेल यांनी तो पॅरिसला जॉर्ज कुव्हिए या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवला होता. पुढे लंडनमध्ये सॅम्युएल स्टचबरी यांनी इग्वाना सरड्याच्या दाताशी त्याचे साम्य दाखवून दिले आणि १८२५ मध्ये मँटेल यांनी ‘इग्वानोडॉन’ हे नाव जाहीर केले. मँटेल यांच्या मुलाबरोबर तो दात सागरापार गेला. एका पुठ्ठ्यावर बसवलेल्या त्या दातासोबत जुन्या हस्ताक्षरातील चिठ्ठी अजून आहे. कुव्हिएकडे पाठवलेला पहिला दात हाच आणि त्याने तो गेंड्याचा पटाशीचा दात ठरवला होता, एवढीच तिच्यावरील नोंद.